स्मज टूल आणि आजीचा गाल

आजीचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आईने तिचा फोटो मोठा करायला दिला. मूळ फोटो जुना, पासपोर्ट साइजचा. स्टुडिओवाल्याने चार दिवसांत तो बाराबाय अठराच्या फ्रेममध्ये घालून दिला. घरी आणून भिंतीवर टांगला, हार घातला, आणि आई दोन पावलं मागे सरकून बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, ही कोण?"

फोटोत सगळं जागच्या जागी होतं. कुंकू, नथ, डोक्यावरचा पदर. फक्त आजी नव्हती. कपाळावरच्या तीन आठ्या गेल्या होत्या. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. चांगली सावळी बाई होती आमची आजी, ती फोटोत दुधात हळद घातल्यासारखी दिसत होती. आणि गाल? गाल असा गुळगुळीत, की बोट ठेवलं तर घसरेल.

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आई, थांब. मी काढतो." डिजिटल पेंटिंग शिकायला लागून तेव्हा मला सात-आठ महिने झाले होते. टॅब्लेट होता, पेन होतं, आणि शनिवार-रविवार तर आपल्या बापाचेच :-)

तीन वीकएंड खपून चित्र तयार केलं. आईला दाखवलं. ती काहीच बोलली नाही, पण मला कळलं. मीही तेच केलं होतं. फरक एवढाच, की स्टुडिओवाल्याला त्याचे पैसे मिळाले होते.

तर मंडळी, आजचा विषय हा. रंग एकमेकांत मिसळायचे कसे? आणि मुळात ते मिसळायचे असतात का?

गुळगुळीतपणाचा शॉर्टकट

डिजिटल पेंटिंगला नव्याने लागलेल्या प्रत्येकाचं दुखणं एकच असतं: ब्लेंडिंग. एक उजेडाचा रंग लावला, शेजारी सावलीचा लावला, मधे करकरीत रेघ दिसते. ती घालवायची कशी? मग आपल्याला स्मज टूल सापडतं. पेन घासलं की रंग ओढला जातो, रेघ विरघळते, वा! मग सॉफ्ट एअरब्रश सापडतो, म्हणजे कडा नसलेला मऊ फवारा. मग आपण दर आठवड्याला कुणाचा तरी ब्रश पॅक उतरवून घेतो. माझ्याकडे एका टप्प्यावर तीनशेच्या वर ब्रश होते. त्यातले वापरले किती म्हणाल तर दोन. आपण आयटीवाले असेच. काम जमलं नाही की आधी टूल बदलतो.

स्मज टूल करतं काय? ज्या पिक्सेलवरून पेन फिरतं तिथला रंग थोडा उचलतं आणि पुढच्या पिक्सेलच्या रंगाशी त्याची सरासरी काढतं. घासत राहा, सरासरीची सरासरी होत राहते. त्याला गाल ठाऊक नाही, हाड ठाऊक नाही, उजेड कुठून येतोय तेही ठाऊक नाही. चेहऱ्यावर जे जे बारीक वेगळेपण होतं ते तो समान वाटून टाकतो. गुळगुळीतपणा म्हणजे दुसरं काय?

पिवळा अधिक निळा बरोबर काय?

शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सगळे शिकलो: पिवळा आणि निळा मिळून हिरवा. आता हेच कॉम्प्युटरला विचारा. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. दोन्हींची सरासरी काढा: साधारण १२८, १२८, १२८. म्हणजे राखाडी! हिरव्याचा पत्ताच नाही.

कारण सोपं आहे. वाटीतला रंग म्हणजे रंगद्रव्याचे कण. पिवळा कण निळा उजेड खातो, निळा कण लाल उजेड खातो, दोघांच्या तडाख्यातून मुख्यतः हिरवा वाचतो. पडद्यावर खाणारं कुणी नाही, तिथे नुसते दिवे आहेत आणि त्यांचे आकडे. आकड्यांची सरासरी म्हणजे मिश्रण नव्हे.

त्यातही आणखी एक गोम आहे. फाइलमधले आकडे हे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात नसतात. आपल्या डोळ्याला अंधारातले फरक जास्त कळतात म्हणून ते वाकवून साठवलेले असतात. यालाच गॅमा म्हणतात. वाकवलेल्या आकड्यांची थेट सरासरी काढली की मधला रंग काळवंडतो. लाल (२५५, ०, ०) आणि हिरवा (०, २५५, ०) यांच्या मधे तुमचा एअरब्रश १२८, १२८, ० असा शेवाळी रंग देतो. आधी आकडे सरळ करून उजेडाची सरासरी काढली, तर १८८, १८८, ० येतो, चांगला उजळ. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये गॅमा १.० धरून ब्लेंड करायचा एक पर्याय आहे. बऱ्याच जणांनी तो कधी उघडूनही पाहिलेला नसतो.

रंगद्रव्यांचं गणितही नवं नाही. कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ साली रंगाच्या थरात उजेड किती शोषला जातो आणि किती विखुरतो याची समीकरणं मांडली. ती चित्रकाराच्या ब्रशमागे झटपट चालतील अशी बसवायला मात्र बराच काळ गेला. शार्का सोखोरोव्हा आणि ओन्द्रेय यामरिश्का या झेक संशोधकांनी २०२१ साली मिक्सबॉक्स नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात पिवळा आणि निळा मिळून खरंच हिरवा होतो. रिबेल नावाच्या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत ती वापरता येते.

हे सगळं वाचून मला वाटलं, सापडला बग! म्हणजे दोष आपला नाहीच, दोष गॅमाचा. सेटिंग बदललं. आजी पुन्हा रंगवली.

पुन्हा प्लॅस्टिक. थोडं उजळ प्लॅस्टिक, इतकंच.

मधला रंग हा निर्णय असतो

मग एका रविवारी शांतपणे बसून आकडे काढले. गालाचा उजेडातला रंग मी घेतला होता २०६, १४६, ९८. उबदार, नारिंगीकडे झुकलेला तपकिरी. सावलीचा घेतला होता ७८, ६२, ७४. थंड, किंचित जांभळट, कारण अंगणात बसलेल्या माणसाच्या सावलीच्या बाजूला आकाशाचा निळा उजेड पोचत असतो. दोन्ही रंग आपापल्या जागी ठीक होते. आणि सरासरी? १४२, १०४, ८६. पडद्यावर लावून बघा. निवलेल्या चुलीतल्या राखेत थोडी माती मिसळल्यासारखा दिसतो. उबदार आणि थंड रंगांच्या मधली सरळ वाट राखाडीच्या बाजूनेच जाते. सेटिंग कुठलंही ठेवा, वाट तीच.

खऱ्या गालावर नेमकं उलटं घडतं. उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात त्वचा राखाडी होत नाही, उलट जास्त लाल होते. मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंधारात बोटं त्यावर घट्ट धरा. बोटं लालभडक दिसतात ना? उजेड त्वचेच्या आत शिरतो, आत विखुरतो, आणि त्यातला लाल भाग सगळ्यात लांब जाऊन बाहेर पडतो. गालावर हेच हलक्या प्रमाणात होतं. उजेडातून आत शिरलेला लाल थोडा पुढे, सावलीच्या हद्दीत बाहेर येतो. म्हणून तिथला रंग मी शेवटी ठेवला १५८, ८८, ६२. हा आकडा कुठल्याही सरासरीतून येत नाही. तो बघून ठरवावा लागतो.

हे ज्याने बोटांतून उजेड गाळून दाखवलं असा आपला एक माणूस आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. हातात समई घेतलेली बाई, वाऱ्यापासून ज्योत राखायला आडवा धरलेला दुसरा हात, आणि त्या हाताच्या बोटांतून फुटलेली लाली. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. १९४५-४६च्या सुमारासचं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. आणि गंमत म्हणजे ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात घासत बसलात की कागद उठतो आणि रंगाचा चिखल होतो. तिथे स्मज टूल नाही, अनडू तर नाहीच. त्या बोटांची लाली हळदणकरांनी आधी बघितली आणि मग बेतून लावली. सरासरीवर सोडली असती तर ज्योत आणि काळोख यांच्या मधे नुसता मळका पट्टा आला असता.

गेरू आणि चुना

आता जरा आमच्या छावणीत या. इथल्या झाडांचे बुंधे रंगवलेले असतात, खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. लष्करी शिस्त, कड अगदी पट्टीने मारल्यासारखी. लहानपणापासून हे बघतोय, पण कधी बघितलं म्हणावं असं बघितलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी फिरायला गेलो तेव्हा डोक्यात हेच ब्लेंडिंग घोळत होतं. एका कडुनिंबापाशी थांबलो. बुंधा गोल आहे. गेरू सगळीकडे एकच, एकाच डब्यातला, एकाच कुंचल्याने मारलेला. पण उजेडाच्या बाजूला तो भाजलेल्या विटेसारखा नारिंगी दिसत होता, वळणावर डाळिंबी होत होता आणि मागे सावलीत जांभळट तपकिरी. चुन्याचा पट्टासुद्धा कुठेच पांढरा नव्हता. उन्हात पिवळसर, सावलीत चक्क निळा, आणि गेरूला लागून असलेल्या काठावर खालच्या गेरूची झाक घेऊन गुलाबी. त्याच बुंध्यावर एका फांदीची सावली पडली होती, तिची कड मात्र सुरीने कापल्यासारखी.

म्हणजे एकाच बुंध्यावर दोन प्रकारच्या कडा. गोलाई वळते तिथली सावली मऊ, दुसऱ्या वस्तूची पडलेली सावली टोकदार. मी काय केलं होतं? आजीच्या गालाची गोलाई घासली होती आणि नथीची गालावर पडलेली सावलीही त्याच ओघात घासली होती. नथ गालावर टेकलेली नव्हती, हवेत तरंगत होती. सगळंच मऊ केलं की काहीच मऊ दिसत नाही. मऊपणा कळायला शेजारी एक तरी टोकदार कड लागते.

तुम्ही कुठल्याही शहरात असा, हा अभ्यास फुकट आहे. एकरंगी गोल वस्तू घ्या. मडकं, टोमॅटो, स्कूटरचं हेल्मेट काहीही. तिच्यावर एकाच रंगाचे किती रंग दिसतात ते मोजा. ब्रश पॅक नंतर.

अजिंठ्यात ब्लेंडिंग नव्हतंच

गेरूवरून अजिंठा आठवला नाही तर आम्ही इथले कसले! आमच्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर. शाळेच्या सहलीत गेलो तेव्हा बसमधल्या अंताक्षरीखेरीज काही लक्षात राहिलं नव्हतं. ही चित्रभानगड सुरू झाल्यावर पुन्हा गेलो, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर रखवालदार "चला पुढे" म्हणेपर्यंत उभा राहिलो.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं चित्र. बेसॉल्टच्या भिंतीवर मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो सुकल्यावर डिंक किंवा सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळ्यासाठी लाजवर्द, तो बाहेरून आणलेला. बाकी सगळा मातीचाच कारभार. सुकलेल्या भिंतीवर असा रंग लगेच वाळतो. ओल्यात ओला मिसळत बसायला वेळ मिळत नाही. तरीही तो चेहरा भिंतीतून पुढे आल्यासारखा वाटतो.

कसा? विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा देण्याला 'वर्तना' म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार सांगितलेत. पत्रज, म्हणजे पानाच्या शिरांसारख्या रेघांनी दिलेली. ऐरिक, म्हणजे अगदी बारीक रेघांची. आणि बिंदुज, म्हणजे ठिपक्यांची. तिन्ही वाचा आणि बघा, घासणं कशातच नाही. रेघ ठेवा, रेघ ठेवा, ठिपका ठेवा. मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलंय.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे पद्मपाणी तपकिरी आहे. नाकाचा उंचवटा, ओठ, हनुवटी इथे रंग फिकट होतो आणि कडांकडे गडद होत जातो. पण तो गोरा होत नाही आणि राखाडीही होत नाही. अजिंठ्यात गव्हाळ आहेत, सावळे आहेत, हिरवट आहेत, काळे आहेत, आणि सगळेच तेजस्वी आहेत. आपल्या कातडीचे रंग कसे वळवायचे हे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या अंगणात कुणीतरी सोडवून ठेवलं होतं. मी मात्र स्किन टोनच्या ट्यूटोरियलमधून 'उजेडासाठी पांढरा घाला, सावलीसाठी काळा' हे घोकत होतो. गोऱ्या कातडीला ते एकवेळ खपून जातं. सावळ्या गालात पांढरा घातला की तो पिठाचा हात लागल्यासारखा दिसतो.

बिंदुज वर्तना आजही उपयोगाची आहे बरं का. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक चॅनेलला २५६च पायऱ्या असतात. गडद सावलीत खूप हळू उतरती छटा दिली की त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसायला लागतात. त्यावर उपाय आणखी घासणं हा नाही. बारीक दाणेदार ब्रशने थोडे ठिपके टाका, पट्टे मोडतात. आपल्या धंद्यात याला डिदरिंग म्हणतात.

मी आता काय करतो

उजेडाचा एक रंग, सावलीचा एक रंग, दोन्ही सपाट. जिथे भेटतात तिथे कडक गोल ब्रशने अर्ध्या ऑपॅसिटीचा एक फटकारा. तयार झालेला रंग आयड्रॉपरने उचलायचा (क्रितात कंट्रोल, फोटोशॉपमध्ये ऑल्ट), आणि इथेच थांबून स्वतःला विचारायचं: हा असा असायला हवा का? जवळजवळ नेहमी उत्तर 'नाही' असतं. त्याला लालीकडे किंवा जिकडे हवं तिकडे ढकलायचं आणि मग लावायचं. आता दोनाचे तीन रंग झाले. नव्या दोन सीमांवर पुन्हा तेच, तिनाचे पाच. फार तर नऊ. नंतर झूम कमी करून लांबून बघायचं. रेघा दिसेनाशा होतात, गाल दिसतो.

स्मज टूल काढून टाकलंय का? नाही. उडते केस, धूर, ढग यांना ते छान चालतं, आणि कसलेले चित्रकार ते चेहऱ्यावरही वापरतात. पण मधला रंग कुठला हे त्यांनी आधी ठरवलेलं असतं, मग घासतात. आपण ठरवायचं टाळण्यासाठी घासतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आता तर फोटो टाकला की एआय दोन मिनिटांत चित्र काढून देतं. देतं ना! मी करूनही पाहिलं. आलेली बाई सुरेख होती, नितळ होती, आणि परत गोरी होती. फोनच्या कॅमेऱ्यातला ब्युटी मोडही हेच करतो. स्टुडिओवाला बिचारा एकटाच कशाला वाईट? त्याला वाटलं, नितळ म्हणजे चांगलं, उजळ म्हणजे चांगलं. मलाही तेच वाटत होतं. ब्लेंडिंग शिकायचंय असं म्हणताना खरं तर मला आजीच्या चेहऱ्यावरची उन्हं पुसायची होती. ज्या बाईने चाळीस वर्षं शेतात काढली तिच्या गालावर डाग असणारच. ते डाग म्हणजे खराबी नव्हती, ती माहिती होती. आणि आपण एरवी डेटा उडाला की किती बोंबलतो!

असो. चौथी आजी काढायला पाच वीकएंड लागले. आठ्या आहेत. नथीची सावली टोकदार आहे. डावा गाल अजून नीट वळलेला नाही, कानापाशी रंग जरा जास्तच लाल झालाय, मला दिसतं ते. चित्र छापून आणलं आणि स्टुडिओच्याच फ्रेममध्ये बसवलं.

आई बराच वेळ बघत होती. मग काचेवर बोट ठेवून म्हणाली, "इथे तिला देवीचा एक व्रण होता. तो राहिला तुझा."

पासपोर्ट फोटोत तो दिसतच नाही, मला माहीत असणार कुठून! पण पुढच्या शनिवारी फ्रेम परत उघडायची आहे. एक ठिपका ठेवायचा राहिलाय.